चव्वेचाळीसची आखूड रायफल

नोव्हेंबरच्या मध्यावर हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडणार होता. सीडरच्या झाडांनी भरलेल्या दलदलीतल्या खोपीवर जायची चौघांची तयारी झाली होती, आणि त्या चौघांतल्या रेइनो हापालाकडे स्वतःला पेलेल अशी बंदूक नव्हती.

बंदूक होती तशी. वडिलांच्या वेळची, लांब नळीची, वर दुर्बीण चढवलेली. दरीच्या या काठावरून त्या काठावरचे हरीण लोळवील अशी तिची ख्याती. पण वसंतात गाडीतून ओंडके उतरवताना एक ओंडका घरंगळला आणि रेइनोच्या उजव्या खांद्यावर आला. शस्त्रक्रिया झाली, हाड जागेवर बसले, तरी खांदा पहिल्यासारखा झाला नाही. ती बंदूक अडकवून घरामागचा ओढा ओलांडेपर्यंतच त्याचा हात बधिर होई.

खोपीचे दोन नियम होते. कुणी लिहून ठेवलेले नव्हते, पण चौघांतल्या थोरल्या सुलोकाकाच्या आजोबांनी खोप बांधली तेव्हापासून ते पाळले जात. ज्याला स्वतःची बंदूक वागवता येत नाही त्याने चुलीपाशी बसायचे, हा पहिला. ज्याने हरीण घायाळ केले आणि साक्षीदारासमक्ष त्याचा छडा लावला नाही, त्याने बंदूक खुंटीला टांगून हंगामभर चूल सांभाळायची, हा दुसरा. सध्या चुलीपाशी चौघांतला विल्हो होता. एका हंगामात गुडघा दुखतो म्हणून तो बसला. गुडघा पुढे बरा झाला, पण विल्हो काही उठला नाही. आता तो माशाचे सार उत्तम करी आणि जंगलाकडे खिडकीतून बघे.

रेइनोला त्या खिडकीची भीती वाटत होती. ही गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती.

आउने सारीचे दुकान फाट्यावर होते. नवरा गेल्यापासून खिळे, दोर, कंदील आणि बंदुका ती एकटीच विकायची. तिने रेइनोचे सगळे ऐकून घेतले.

“मारणार कुठं आहेस?”

“सीडरमध्ये. नेहमीच्याच जागी.”

“सीडरमध्ये तुला पुढचं झाड दिसतं का?”

“पुढचं दिसतं. त्याच्या पुढचं नाही.”

“मग इतकी वर्षं ती तोफ कशाला ओढत होतास?”

“वडिलांची होती.”

“मग वडिलांनाच ओढायला लावायची होतीस,” असे म्हणून आउनेने फळीवर दोन रायफली शेजारी शेजारी ठेवल्या.

दोन्ही आखूड, सडपातळ. खालचा खटका पुढे ढकलून मागे ओढला की नवे काडतूस वर येणार. दोन्हींना काडतुसे मात्र रिव्हॉल्व्हरची लागत.

“हिचं काडतूस बारीक, तीनशे सत्तावन्नचं,” आउने म्हणाली. “हिचं जाडजूड, चव्वेचाळीसचं. लांबच्या हरणाला दोन्ही निकामी, ते आत्ताच सांगते. पण जवळच्याला दोन्ही पुरतात, नेम बरोबर असला तर. नसला तर तोफही पुरत नाही.”

“तू कुठली घेशील?”

“तुझा खांदा मला असता तर चव्वेचाळीसला हातसुद्धा लावला नसता. अरे, बंदूक हलकी झाली म्हणजे दणका कुठं पळून जातो का? आधी तो लाकूड-लोखंड खायचं, आता तुझं हाड खाणार.”

रेइनोला ते पटले. त्याने बारीक काडतुसाची रायफल उचलली आणि डाव्या हाताने तोलून पाहिली. ती जणू त्याच्याच मापाची होती. तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि बर्फाळ वाऱ्याबरोबर ओन्नी आत आला. ओन्नी त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ आणि खोपीवरचा चौथा गडी. धिप्पाड, बोलका, आणि ज्या वेळी नको असेल नेमका त्याच वेळी हजर होणारा.

ओन्नीने फळीवरचे बारीक काडतूस दोन बोटांत धरून उजेडाकडे नेले.

“दाजी, यंदा सशांच्या मागं निघालात वाटतं?”

“बघत होतो नुसती,” रेइनो म्हणाला.

“बघा, बघा. विल्होला सांगतो, चुलीजवळ दुसरी खुर्ची टाक म्हणून.”

रेइनोने हातातली रायफल खाली ठेवली आणि चव्वेचाळीसची उचलली. आउनेने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा ओन्नीकडे. मग जाड काडतुसांची एक पेटी पुढे सरकवली. ओन्नी मागच्या बाजूला दोर पाहायला गेला तशी तिने आणखी एक पेटी सरकवली.

“ही मवाळ आहेत,” ती हळूच म्हणाली. “थोडी आखूड, पण त्याच नळीत बसतात. हात बसवायला वापर. हरणावर नको.”

घरी सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, मागच्या मोकळ्या जागेत रेइनोने जाड काडतुसाचा एक बार काढला आणि बराच वेळ लाकडाच्या ढिगाला टेकून उभा राहिला. खांद्यात कुणी तापलेली सळई घातल्यासारखे झाले होते. त्यानंतर सगळा सराव त्याने मवाळ काडतुसांवर केला. नेम धरायची मागची खाच वर-खाली करत, पुढची माशी जुळवत, शेवटी चरबीच्या डब्याचे झाकण तो न चुकता फोडू लागला. आपण नेम बसवला, असे त्याला वाटले. तो बसला होताही, पण त्या मवाळ काडतुसांपुरता.

खोपीत पोचल्यावर संध्याकाळी रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने समोरच्या खोडावर ठोकलेल्या झाकणावर एकेक गोळी झाडायची होती. रेइनोने खिशातून मवाळ काडतूस काढून घातले. झाकण खणकले. सुलोकाकाने मान हलवली. म्हातारा बोलायचा कमी. त्याची मान हलली म्हणजे प्रमाणपत्र मिळाले.

“शिंकली की काय तुमची बंदूक?” ओन्नीने विचारले. “आवाज केवढासा.”

“लागली ना?”

“लागली. हरणाला मात्र आधी सांगावं लागेल, गोळी येतेय म्हणून.”

विल्हो चुलीपाशी हसला. रेइनोही हसला. रात्री सगळे झोपायला वळल्यावर त्याने नळीखालच्या कोठीत जाड काडतुसे भरली, कारण हरणाला तीच लागणार होती. खाच जिथल्या तिथेच राहिली. आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो आहोत, हे त्याच्या ध्यानातच आले नाही. दुखणे लपवण्याकडे सगळे लक्ष लागले की माणसाचे असे होते.

सकाळी उजाडताना सुलोकाका टेकाडावर गेला. ओन्नी आणि रेइनो दलदलीत शिरले. सरोवरावरून येणारा वारा उंच शेंड्यांवर घोंघावत होता, पण खाली झाडीत तो पोचत नव्हता. सीडरची खोडे एकमेकांवर कललेली, काही आडवी, त्यांच्यावर शेवाळ आणि शेवाळावर बर्फ. मधूनमधून काळे पाणी, वर पापुद्र्याएवढे गोठलेले. अशा ठिकाणी ओन्नीची लांब बंदूक पावलोपावली फांद्यांत गुंतत होती आणि तो तोंडातल्या तोंडात शिव्या देत होता. रेइनोची आखूड रायफल अंगाला चिकटून येत होती. कितीतरी महिन्यांनी आपल्याला दलदलीत चालता येते आहे, या विचारानेच तो सुखावला होता.

थोड्या वेळाने दोघे फाकले. ओन्नी डावीकडून हळूहळू झाडी हलवत येणार, रेइनो एका पडलेल्या खोडाआड बसणार.

बसून फार वेळ झाला नव्हता. समोरच्या फटीत आधी एक कान हलला. मग मान. मग शिंगे. मोठा नर होता. मान फुगलेली, शिंगांवर सीडरची साल अडकलेली. तो थांबला, मागे ओन्नीच्या चाहुलीकडे पाहिले आणि कूस रेइनोकडे करून उभा राहिला. अंतर या रायफलच्या अगदी आवाक्यातले!

रेइनोने घोडा चढवला. माशी खाचेत आली, खांद्यामागच्या मऊ जागेवर टेकली. त्याने श्वास सोडला. चाप ओढला.

धाड!

खांद्यातून कळ मस्तकात गेली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. नर एकदम खाली वाकला, जणू कुणी पाठीत काठी हाणली, आणि पुढच्या क्षणी पांढरी शेपटी उभारून झाडीत नाहीसा झाला. रेइनोने दुसरे काडतूस वर आणले तोवर समोर फक्त हलणारी फांदी होती.

ओन्नी फांद्या मोडत आला.

“पडला?”

“नाही.”

“लागली?”

“वाकला होता.”

दोघे जागेवर गेले. बर्फावर केसांचा पुंजका पडला होता. लांब, राठ, टोकाला काळे केस. पुढे रक्ताचे दोन-तीन बारीक ठिपके. ओन्नीने गुडघ्यावर बसून केस बोटांवर घेतले.

“पाठीवरचे आहेत,” तो म्हणाला. “वरून गेली तुमची गोळी. किंवा कण्याला घासली. कण्याला असेल तर कुठंतरी पडेल आणि तिथंच तडफडत मरेल.”

“मी जातो मागावर.”

“एकटे? साक्षीदार लागतो, दाजी. नियम आहे.” ओन्नीने आभाळाकडे पाहिले. आभाळ खाली उतरत होते. “आणि लवकर निघू. बर्फ पडायला लागला तर माग बुजेल. माग बुजला तर मग आहेच तुमची खुर्ची.”

हे बोलताना त्याच्या आवाजात थट्टा होती, पण नेहमीपेक्षा कमी.

माग खोल दलदलीत जात होता. पहिल्यांदा लांब लांब उड्या, मग धावणे, मग चाल. रक्ताचा ठिपका आधी थोड्या अंतरावर, मग बऱ्याच अंतरावर, मग दिसेनासाच झाला. एका ओढ्यावर नर सरळ उडी मारून गेला होता. या दोघांना खोडावरून रांगत जावे लागले. पलीकडे खोड फिरले आणि रेइनो मांडीपर्यंत काळ्या चिखलात गेला. ओन्नीने त्याला कॉलर धरून वर काढले. पुढे वाऱ्याने पाडलेल्या झाडांचा असा गुंता होता, की खालून सरपटायला बर्फात खळगा करावा लागला. दुपार कलली. पहिले बारीक कण पडू लागले.

हात गरम करायला रेइनोने खिशात घातले, तेव्हा बोटांना काडतुसे लागली. खिशात दोन्ही प्रकारची होती. बोटांनी चाळा म्हणून ती एकमेकांशेजारी धरली. एक लांब, एक आखूड.

तो चालता चालता थांबला.

मवाळ गोळी हळू जाते आणि वाटेत खाली पडते. त्या पडण्याच्या हिशेबाने त्याने खाच वर केली होती. तीच खाच, आणि नळीत जाड काडतूस! त्या वेगवान गोळीने वरूनच जायला हवे होते. ती तशीच गेली. बंदुकीची चूक नव्हती, हरणाची नव्हती, नशिबाची तर मुळीच नव्हती.

“काय झालं?” ओन्नीने विचारले.

“काही नाही.”

“खांदा?”

“नाही म्हटलं ना.”

ओन्नीने खांदे उडवले आणि पुढे निघाला. रेइनो मागून चालत राहिला. आता त्याला हरीण नुसते शोधायचे नव्हते, ते जिवंत आणि धड आहे एवढे पाहायचे होते. ते कुठे तडफडत पडले असेल तर दोष कुणावर टाकायला जागा उरली नव्हती.

माग बीव्हरच्या तळ्याशी आला. ओढ्यावर त्या पाणप्राण्यांनी घातलेला काटक्या-चिखलाचा जुना बांध होता आणि मागे पसरट तळे, सगळे गोठलेले, वर ताजा बर्फ भुरभुरलेला. माग काठाकाठाने वळसा घालून पलीकडे गेला होता. आणि पलीकडच्या काठावर, आल्डरच्या झुडपांत, तो नर उभा होता!

ओन्नी खाली बसला आणि दुर्बिणीतून पाहू लागला. त्याने शिंगांपासून खुरांपर्यंत नजर फिरवली. मग बंदूक रेइनोकडे दिली.

“बघा तुम्हीच.”

रेइनोने डाव्या खांद्याला टेकवून पाहिले. नर डहाळ्या ओरबाडत होता. पाठीवर, कण्याच्या जरा खाली, केस उडालेली एक पट्टी होती, चाबकाच्या वळासारखी. रक्त वाळलेले. त्याने मागचा पाय उचलून कान खाजवला. कणा मोडलेले हरीण कान खाजवत नाही.

रेइनोने एक लांब श्वास सोडला.

“धडधाकट आहे,” ओन्नी म्हणाला. “सुटलात. आता मारा.”

“माझी पोचणार नाही इथून.”

“माझी पोचेल. घ्या ना, हातात आहेच. पहिला केस तुम्ही काढलात, हरीण तुमचंच. नाहीतर मला हो म्हणा, मी लोळवतो.”

रेइनोने पुन्हा दुर्बिणीतून पाहिले. शिंगे मोठी होती. खोपीच्या भिंतीवर अशी शिंगे वर्षानुवर्षे लागली नव्हती. त्याने बंदूक खाली केली.

“आणायचं कसं? वळसा घालून जाईपर्यंत अंधार पडेल. बर्फ वाढतोय. आपले परतीचे ठसे बुजत चाललेत.”

“वळसा कशाला? सरळ तळ्यावरून.”

“बीव्हरच्या तळ्यावर बर्फ पातळ असतो, ओन्नी. खालून ते येत-जात असतात.”

“हरणं मारून मारून तुम्ही म्हातारे झालात आणि तळ्याला भिता,” ओन्नी म्हणाला. त्याने आपली बंदूक परत घेतली, गळ्यात अडकवली आणि दोन पावले बर्फावर टाकली. “हे बघा. फरशी आहे फरशी.” त्याने टाच आपटली. आणखी दोन पावले टाकली. “माझं वजन पेलतंय तर हरणाचं—”

खालून कड्कन आवाज आला. ओन्नी हरणासारखा एकदम वाकला. मग बर्फ दुभंगला आणि तो छातीपर्यंत आत गेला!

पलीकडे पांढरी शेपटी चमकली आणि झुडपे रिकामी झाली. रेइनोने तिकडे पाहिलेही नाही.

“हात पसर! बर्फावर हात पसर!” तो ओरडला.

ओन्नीने हात पसरले. कड तुटली. पुन्हा पसरले, पुन्हा तुटली. गळ्यातली बंदूक त्याला खाली ओढत होती. पट्टा त्याने डोक्यावरून काढला, बंदूक बर्फावर ढकलायला गेला. ती तिरपी झाली, घसरली आणि गेली. काळ्या पाण्याने आवाजही केला नाही.

रेइनोने कमरेचा दोर सोडला, हरीण ओढायला प्रत्येकाजवळ असतो तो. फास केला. रायफल झाडाला टेकवली, पालथा पडून बांधाच्या कडेने सरकला आणि डाव्या हाताने फेकला. चुकला. पुन्हा फेकला. फास ओन्नीच्या डोक्याजवळ पडला.

“काखेत घाल! ओन्नी, काखेत!”

ओन्नीची बोटे वळत नव्हती. कसाबसा एक हात आत गेला, मग दुसरा. रेइनोने ओढले. खांदा जागचा हलल्यासारखा झाला आणि हातातून दोर सुटता सुटता राहिला. या खांद्याने काम होणार नाही, हे त्याला कळले. तो मागे सरकला, दोराचा एक वेढा सीडरच्या बुंध्याला दिला, दुसरा आपल्या कमरेला, आणि पाय मुळांना रोवून नुसता मागे बसला. थोडा दोर आला की वेढा आवळायचा. पुन्हा बसायचे. बर्फाच्या कडा मोडत मोडत ओन्नी पोटावर वर आला, ओल्या पोत्यासारखा.

रेइनोने त्याला झाडीत नेले. भूर्जाची कोरडी साल ओरबाडली, सीडरच्या खालच्या मेलेल्या फांद्या मोडल्या. पहिली काडी वाऱ्याने विझली. दुसरी ओन्नीच्या टोपीतून टपकलेल्या पाण्याने. तिसरीने साल पेटली, काळा धूर निघाला आणि जाळ उभा राहिला. रेइनोने त्याचे बूट ओढून काढले, कोटाच्या खिशातले जादाचे कोरडे मोजे त्याच्या पायात घातले, आपला लोकरी सदरा त्याला दिला आणि स्वतः नुसत्या कोटात बसला.

“आमच्या वडिलांची बंदूक गेली,” ओन्नी दात वाजवत म्हणाला.

“तू आहेस ना.”

“तुम्ही हो म्हणाला असतात तर मी काठावरूनच—”

“बडबड करू नकोस. नाही, कर. बडबड कर. झोपू नकोस.”

“झोप येतेय, दाजी.”

“मग ऐक.” रेइनोने खिशातून दोन काडतुसे काढून त्याच्या हातावर ठेवली. “काल झाकणावर झाडली ती ही आखूड. आज हरणावर झाडली ती ही. नेम बसवला तो आखूडवर. कारण दुसरीचा दणका मला सोसत नाही.”

ओन्नी काडतुसांकडे पाहत राहिला. मग त्याच्या छातीत काहीतरी हलले. रेइनो घाबरला, पण ते हसू होते.

“म्हणून शिंकली होय?”

“म्हणून.”

“आणि मग बारीकवाली का नाही घेतलीत? आउने काही बोलली नाही?”

“बोलली होती. तेवढ्यात तू आलास.”

ओन्नीचे हसू थांबले. त्याने जाळात एक फांदी सरकवली. “मी काय, कुणालाही काहीही बोलतो,” तो म्हणाला. “ते मनावर घ्यायचं नसतं.”

“घेतलं खरं.”

बर्फ आता दाट पडत होता. आलेला माग पार पुसला गेला होता. आभाळ नव्हते, दिशा नव्हती. सगळीकडे सारखीच खोडे. ओन्नीला चालवत न्यायचे तर सरळ न्यायला हवे होते. एक चुकीचे वळण घेतले असते, तर तो दलदलीतच राहिला असता.

मदतीची खूण म्हणजे ओळीने तीन बार. मवाळ काडतुसाचा आवाज या बर्फात पहिल्या टेकाडापलीकडेही गेला नसता. रेइनोने जाडच भरली. कोटाची घडी खांद्याशी धरून पाहिली, ती घसरली. मग त्याने तसाच दस्ता टेकवला आणि नळी आभाळाकडे केली.

धाड! डोळ्यांत पाणी आले.

धाड! त्याने पाठ बुंध्याला टेकली.

तिसऱ्या वेळी उजव्या हाताने चापच ओढवेना. त्याने डाव्या हाताचे बोट आत घातले.

धाड!

दोघे कान देऊन बसले. बर्फ पडल्याची कुजबुज तेवढी होती. मग फार लांबून, उजवीकडून, एक बसका घण्ण आवाज आला. पुन्हा आला. खोपीच्या दारापाशी लाकूडकारखान्यातल्या करवतीचे जुने गोल पाते टांगलेले होते. विल्हो त्यावर हातोडा मारत होता.

रेइनो ज्या दिशेने निघणार होता, ती याच्या बरोबर उलटी होती.

त्याने ओन्नीचा हात आपल्या धड खांद्यावर घेतला. आवाज आला की चालायचे, थांबला की थांबायचे, असे ते निघाले. ओन्नी दोनदा बसला. पहिल्यांदा रेइनोने त्याला समजावले. दुसऱ्यांदा सशाच्या शिकारीवरून इतके वाईट बोलला, की ओन्नी संतापाने उठला. दिवस मावळायच्या बेताला झाडीत कंदील हलताना दिसला. सुलोकाका त्यांच्याकडे येत होता, आणि त्याच्यामागे, किती वर्षांनी कोण जाणे, विल्हो गुडघ्यापर्यंत बर्फात चालत होता.

कोरडे कपडे आणि गरम सार पोटात गेल्यावर सुलोकाकाने पाईप पेटवला आणि साक्षीदाराकडे पाहिले.

“हरीण?”

ओन्नी घोंगडीत गुंडाळलेला होता. पायाची बोटे सुजून लाल झाली होती. “धडधाकट,” तो म्हणाला. “पाठीचे केस गेलेत. कान खाजवत होतं. मी दुर्बिणीतून पाहिलं.”

“मग नेम चुकला म्हणायचा. चूल नाही.”

“गोळी का चुकली तेही सांगायचंय,” रेइनो म्हणाला. त्याने काडतुसे टेबलावर उभी केली आणि सगळे सांगितले. काल संध्याकाळच्या झाकणाचेही सांगितले. बोलताना तो टेबलाकडेच पाहत होता.

सुलोकाकाने दोन्ही काडतुसे उचलून एकाशेजारी एक धरली. “खांदा दुखतो हे कुणाला माहीत नव्हतं?” त्याने विचारले.

“मला होतं,” विल्हो म्हणाला.

“मलाही,” सुलोकाका म्हणाला. “मग लपवत कुणापासून होतास?”

रेइनोची नजर विल्होच्या खिडकीकडे गेली.

“उद्या परत झाकणावर झाड. जे हरणावर झाडणार तेच.” एवढे बोलून म्हाताऱ्याने कात्री मागवली. नेम चुकलेल्याच्या सदऱ्याचा मागचा घोळ कापून भिंतीवर ठोकायचा, हाही खोपीचा रिवाज होता. रेइनोचा सदरा ओन्नीच्या अंगावर होता. तो तिथेच कापला गेला. ओन्नीने तक्रार केली, पण ती कुणी मनावर घेतली नाही.

सकाळी बर्फ थांबला. रेइनोने सगळ्यांसमोर जाड काडतूस घातले, झाडले आणि तोंड वाकडे करून सरळ म्हणाला, “दुखतं.” गोळी झाकणाच्या वीतभर वर गेली होती. त्याने मागची खाच एक पायरी उतरवली, पुन्हा झाडली; मग आणखी एक पायरी. झाकण खणकले. सुलोकाकाची मान हलली. ओन्नी खिडकीत बसून बटाटे सोलत होता. पायांमुळे त्याला हंगाम संपेपर्यंत बाहेर पडायचे नव्हते, आणि विल्हो त्याला साले किती जाड काढतोस म्हणून झापत होता. दाराशी विल्होने आपले बर्फात चालायचे जोडे तेल लावून उन्हात ठेवले होते.

रेइनो दलदलीत लांब गेला नाही. टेकाडाच्या पायथ्याशी, जिथे झाडी सर्वांत दाट आहे, तिथे तो बसला. दिवस वर आला तेव्हा एक तरणा नर डोके खाली घालून आला, इतक्या जवळ, की त्याच्या नाकपुडीची वाफ दिसत होती. शिंगे लहान होती. रेइनोने घाई केली नाही. माशी खाचेत आली. श्वास सोडला.

धाड!

नर उभ्या जागी खाली बसला आणि कुशीवर झाला. एकदा पाय ताणले. मग शांत.

रेइनोने टोपी काढली आणि खांदा चोळत थोडा वेळ तसाच बसला. मग दोर शिंगांना बांधला आणि ओढू लागला. उतारावर हरीण आपोआप आले. चढ लागला तशी खांद्यातून कळ निघाली. तो थांबला. डाव्या हाताने ओढून पाहिले, दोर पाठीवर घेऊन पाहिले. हरीण जागचे हलेना. पूर्वी त्याने काय केले असते, ते त्याला चांगले ठाऊक होते. दात खाऊन, कुणाला कळू न देता, संध्याकाळपर्यंत ओढले असते.

तो हरणाशेजारी खोडावर बसला. टेकाडाकडे तोंड केले आणि दोन्ही हात तोंडाशी धरले.

“ओ सुलोकाका,” त्याने हाक मारली. “या जरा. मला एकट्याला ओढवत नाही.”

हाकेने झाडांवरचा थोडा बर्फ गळला. मग वरून उत्तर आले.

“कुठं आहेस?”

“इथं, खालीच,” रेइनो म्हणाला, आणि सरकून त्याने खोडावर आणखी एकापुरती जागा केली.